न चावलेल्या डासांचं मानपत्र

मी पनवेलला जुनी पत्रं वाचायचं काम करतो. असं सांगितलं की लोक विचारतात, पोस्टात का? पोस्टात नाही. नवीन पनवेलमधल्या एका इमारतीत खाली चष्म्यांचं दुकान आहे आणि वर आमचं कार्यालय. परदेशातल्या एका ग्रंथालयाने जपून ठेवलेल्या पत्रांचे फोटो आमच्याकडे येतात. संगणक त्यातलं जमेल तेवढं वाचतो आणि जिथे त्याचं डोकं चालत नाही तिथे खूण करून पुढे जातो. त्या खुणांपाशी थांबून वाचायला आम्ही सहा जण आहोत.

हे काम मला पाचवीतल्या इंग्रजीमुळे मिळालं. आमच्या वाडीपासून तासाभराच्या चालीवर शाळा होती. तिथल्या गुरुजींना इंग्रजी बोलता येत नव्हतं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पण चाररेघी वहीत जोडून लिहायची इंग्रजी अक्षरं त्यांनी आमच्याकडून अशी घोटून घेतली होती की आजही माझा हात ती झोपेत काढेल. माझ्या मुलाखतीच्या दिवशी फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं आली होती. त्यांच्यासमोर शंभर वर्षांपूर्वीचं हाताने लिहिलेलं एक पान ठेवलं तर ती त्याच्याकडे मोडी लिपी असल्यासारखी बघत बसली. मी घडाघडा वाचलं. अर्थ निम्मा कळला, पण वाचलं. गुरुजी आता नाहीत. असते तर पहिल्या पगाराचे पेढे घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो असतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे जो गठ्ठा आला तो पीतज्वराच्या संशोधनाचा होता. हा ताप आपल्याकडे नाही, पण एके काळी दूरच्या देशांत त्याने माणसं पटापट मरत. तो कशाने होतो हे शोधायला काही जण स्वतःहून पुढे आले. त्यातल्या काहींनी रुग्णांना चावलेले डास स्वतःच्या हातावर बसवून घेतले आणि ते आजारी पडले. दुसरे काही जण त्या तापाने मेलेल्या माणसांच्या घाणेरड्या चादरी पांघरून बंद खोलीत रात्रीमागून रात्री झोपले, आणि त्यांना काहीच झालं नाही. अशा रीतीने दोष चादरींचा नसून डासांचा, हे ठरलं.

मला वाटलं होतं पत्रं या शोधाबद्दल असतील. पण संशोधन थोड्याच पत्रांत उरकलं होतं. नंतरची शेकडो पत्रं होती ती सत्काराची. पदक कुणाला द्यायचं, यादीत नाव कुणाचं घालायचं, कुणाचं राहिलं, कुणाचं चुकून पडलं. विधवा लिहीत होत्या, भाऊ लिहीत होते, निवृत्त अधिकारी एकमेकांना लिहीत होते. डास चावला पण ताप आला नाही, असा माणूस धरायचा की नाही? चादरीत झोपला पण ठणठणीत राहिला, त्याने नेमकं काय सोसलं? माझ्या वाट्याला चादरीवाल्यांपैकी एका म्हाताऱ्याची पत्रं आली होती. त्याचं अक्षर दर पत्रात जास्त कापत होतं आणि विचारणं मात्र तेच होतं, की आपण निरोगी राहिलो हा आपला दोष आहे का.

एका संध्याकाळी जेवताना मी हे सगळं घरी सांगितलं. आम्ही कामोठ्यात राहतो. एक खोली, एक हॉल, आणि तीन वर्षांपासून माझ्याकडे राहायला आलेले माझे आईबाबा. बाबांचा घास हातातच राहिला.

"म्हंजे पाय उघडा टाकून बसायचे ते?"

"हात, बाबा. डास हातावर बसवायचे."

"तेच तं. आमी पाय टाकायचो." मग ते आईकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? तिकडं बी व्हते."

आई भाताचं भांडं पुसत होती. ती म्हणाली, "तिकडं बी असले आलशी असतीलच. जग मोठा हाय."

हे भांडण माझ्यापेक्षा फार लहान नाही. आमच्याकडे जमीन नव्हती. आईबाबा अर्धं वर्ष वीटभट्टीवर आणि अर्धं वर्ष दुसऱ्यांच्या भातशेतीत राबायचे. मी पाचवीत असताना हिवतापाचा अभ्यास करणारी एक तुकडी जीप घेऊन वाडीवर आली. त्यांना डास पकडायला माणसं हवी होती. बाबा गेले. पहाटे गोठ्यांच्या भिंतींवर बसलेले डास काचेच्या नळीने ओढून घ्यायचे. दिवेलागणीला खुर्चीवर बसायचं, विजारीचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडायचा, आणि पायावर येऊन बसेल तो डास नळीत धरायचा. नळीचं एक टोक तोंडात, दुसरं डासावर. मग तो डास जाळी लावलेल्या कागदी पेल्यात. बाबांनी हे काम सहा वर्षं केलं आणि त्याच्यावर माझं हायस्कूल झालं. वाडीतला पहिला पदवीधर मी आहे, तो त्या खुर्चीमुळे.

आईला हे कधीच पटलं नाही. संध्याकाळी ती भट्टीवरून यायची तेव्हा तिच्या केसांत माती, हाताला भेगा. बाबा यायचे ते धुतल्यासारखे. अंगाला माती नाही, हाताला घट्टा नाही, दमणूक नाही. तिला वाटायचं, हा माणूस कुठेतरी पत्ते खेळतोय आणि कुणीतरी त्याला उधार देतंय. एकदा ती बघायला गेली. गोठ्याच्या दारातून तिने पाहिलं तर बाबा खुर्चीवर बसून स्वतःच्या उघड्या पोटरीकडे टक लावून बघत होते. ती पाच मिनिटं थांबली. बाबा पोटरीकडे बघतच राहिले. ती तशीच परत आली, आणि त्या दिवसापासून गावभर सांगू लागली, "माझ्या दादल्याला पायाकडं बघायचा पगार हाय."

ते वाक्य बाबांना चिकटलं. तुकडी जीप घेऊन निघून गेली, साहेब बदलून गेले, कागद म्हणून काही उरलं नाही. बाबांना वाडीतल्या लोकांच्या हसण्याचं काही नव्हतं. त्यांची एकच इच्छा होती, ते काम होतं हे आईने एकदा मान्य करावं. ही इच्छा त्यांनी मला कधी सांगितली नाही, पण दर दोन-चार महिन्यांनी ते काही निमित्त काढून विषय तिथे आणायचे आणि आई एका वाक्यात त्यांना परत पाठवायची. त्या संध्याकाळी मात्र ते मला हळूच म्हणाले, "त्या कागदांत आमच्यासारक्यांचा कायतरी लिवलेला असल ना? तिला वाचून दाव."

मी वाचून दाखवलं. इंग्रजीचं मराठी करत, मोबाईलवर. आई शांतपणे ऐकून म्हणाली, "ते सायेब लोक व्हते. ते मेले, आजारी पडले. ह्यो कवा पडला आजारी?"

आता आमच्या सोसायटीबद्दल सांगायला हवं. सोसायटीचा दरवर्षी वर्धापनदिन होतो आणि वर्धापनदिनाला सत्कार लागतो. शाल, श्रीफळ, मानपत्र. सुरुवातीच्या वर्षांत सोपं होतं. दहावीत पहिले आलेले, निवृत्त झालेले, लग्नाला पन्नास वर्षं झालेलं जोडपं. मग वॉचमनचा झाला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा झाला, तो आला होता लिफ्ट दुरुस्त करायला आणि शाल घेऊन गेला. पाण्याच्या टँकरवाल्याचा झाला. अध्यक्षांचा स्वतःचा तीनदा झाला, तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच स्वतःच्या गळ्यात हार घातला कारण उपाध्यक्ष गावाला गेले होते. यंदा बैठक बसली तेव्हा लक्षात आलं की दोन्ही विंगमध्ये सत्कार न झालेला माणूस जवळजवळ उरलेला नाही.

त्यात शेजारच्या प्लॉटवर बांधकामाचा खड्डा पाण्याने भरला होता आणि डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले होते. महापालिकेचा माणूस येऊन जनजागृती करा म्हणून सांगून गेला होता. मी बैठकीला गेलो होतो तो आमच्या बाथरूमच्या गळतीसाठी. बोलता बोलता माझ्या तोंडून पत्रांचा विषय निघाला आणि अध्यक्षांचे डोळे चमकले.

"हीच थीम!" ते म्हणाले. "पीतज्वराचे स्वयंसेवक! डासांच्या विरोधात लढलेले वीर! यंदा त्यांचा सत्कार."

"पण अध्यक्षसाहेब, ते सगळे वारले आहेत," मी म्हणालो.

"मरणोत्तर."

सेक्रेटरी मॅडम सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांना नियमाबाहेरचं काही खपत नाही. त्या म्हणाल्या, "मरणोत्तर चालेल. पण नारळ कुणाच्या हातात द्यायचा? खुर्चीवर नारळ ठेवून फोटो काढलेला मी खपवून घेणार नाही. प्रतिनिधी हवा."

यावर पाऊण तास चर्चा झाली. कुणीतरी सुचवलं की बी विंगमधला जहाजावर नोकरी करणारा मुलगा सध्या सुट्टीवर आहे आणि त्याच्याकडे पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड आहे. त्याला फोन करून खाली बोलावलं. तो बर्म्युड्यात आला, कार्ड घेऊन. सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिलं.

"स्वतःच्या इच्छेने टोचून घेतलं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही हो काका, त्याशिवाय जहाजावर घेत नाहीत."

"मग स्वयंसेवक नाही धरता येणार," सेक्रेटरी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वहीत तशी नोंद केली. मुलगा गेला. जाताना थोडा नाराज दिसला.

तेव्हा मी हात वर केला आणि माझ्या बाबांबद्दल सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले.

"काकांना मलेरिया झाला होता?"

"नाही."

"डेंग्यू?"

"नाही."

"निदान बारीक ताप?"

"आठवत नाही."

अध्यक्षांनी ओठ चावला. "हे थोडं वीक पडतंय हो. पब्लिकला काहीतरी भोगलेलं लागतं."

याच अर्थाचं पत्र मी चार दिवसांपूर्वी टाइप केलं होतं. शंभर वर्षांपूर्वी दूर देशातला एक निवृत्त अधिकारी चादरीवाल्यांबद्दल हेच म्हणत होता. मी उभा राहून त्या कापऱ्या अक्षराच्या म्हाताऱ्याची बाजू मांडली. म्हणालो, माणूस निरोगी राहिला म्हणून त्याचं धाडस कमी होत नाही. मी एवढ्या तळमळीने आयुष्यात कधी बोललो नव्हतो. सेक्रेटरी मॅडमनी विचारलं की हे आपल्या काकांबद्दल आहे की परदेशातल्या काकांबद्दल. मी म्हणालो, दोन्ही. ठराव मंजूर झाला. बाथरूमची गळती पुढच्या बैठकीवर गेली.

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या सोसायटीची पद्धत अशी की मानपत्र सत्कारमूर्तीला आधी दाखवायचं नाही. आधी ऐकलं की स्टेजवर डोळ्यांत पाणी येत नाही, असं अध्यक्षांचं मत आहे. मी घरी लपून लिहिलं. बाबा समोर टीव्ही बघत बसलेले आणि मी त्यांच्याबद्दल लिहितोय. मनात ती सगळी पत्रं होती, म्हणून शब्द आपोआप तसेच येत गेले. आपण मानवजातीसाठी आपले रक्त दिले. सहा वर्षे अगणित डासांचे दंश हसतमुखाने सोसले. आपल्या पायावरचा प्रत्येक डंख हा विज्ञानाचा एकेक दीप होय. हा दीप मला फार आवडला होता. बाबांना मी एक शब्दही विचारला नाही. परक्या माणसांच्या हातांवरच्या डासांबद्दल शेकडो पानं वाचलेला मी, घरातल्या माणसाला त्याच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारायला विसरलो.

आईला मी म्हणालो, "तू पण येशील ना?"

"नारल भेटनार हाय ना? मंग येते. नारल मी आनीन घरी, ह्यो इसरंल."

बाबांनी मात्र आठवडाभर आधी दाढीची तारीख ठरवली. त्यांनी मला दोनदा विचारलं की ते जो कागद वाचतील तो मोठ्याने वाचतील ना, पुढच्या रांगेत नीट ऐकू येईल ना. पुढच्या रांगेत आई बसणार होती.

रविवारी सकाळी अकराला पार्किंगमध्ये मंडप घातला. गाड्या बाहेर रस्त्यावर लावल्या होत्या आणि त्यांच्यावरून बाहेर वेगळं भांडण चालू होतं. स्टेजच्या मागे मोठा फ्लेक्स होता. डावीकडे अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, उजवीकडे त्याहून लहान बाबांचा फोटो, आधार कार्डावरचा, आणि मधोमध कुठूनतरी डाउनलोड केलेला एक डास, माणसापेक्षा मोठा. वर लिहिलं होतं, "पीतज्वर संशोधन वीर, स्वयंसेवक सन्मान सोहळा". बाबांचा आणि पीतज्वराचा काही संबंध नाही हे मी सांगितलं होतं, पण तोवर फ्लेक्स छापून झाला होता.

अध्यक्षांनी भाषण केलं. त्यात डेंग्यू आला, पाण्याच्या टाक्या झाकण्याचं आवाहन आलं, पार्किंगचा वाद आला, आणि शेवटी बाबा आले. मग शाल, नारळ आणि टाळ्या. सेक्रेटरी मॅडमनी मानपत्र वाचायला घेतलं. त्यांचा आवाज खणखणीत आहे. मी बाबांकडे बघत होतो. "रक्त दिले" हे शब्द आले तेव्हा त्यांनी मान थोडी वाकडी केली. "अगणित दंश" आलं तेव्हा कपाळाला आठी पडली. दीप आला तेव्हा ते चक्क मागे वळून फ्लेक्सवरच्या डासाकडे बघू लागले. तो त्यांनी बराच वेळ पाहिला, जवळ जाऊन, चष्मा वर करून.

मॅडमचं वाचन संपलं. अध्यक्षांनी माइक बाबांच्या हातात दिला. "काका, दोन शब्द."

बाबांनी माइक नळीसारखा तोंडाला लावला. पहिलं वाक्य कुणाला कळलं नाही. मग अध्यक्षांनी तो थोडा लांब धरला.

"ह्यो डास नर हाय," बाबा म्हणाले.

अध्यक्षांनी मागे वळून फ्लेक्सकडे पाहिलं.

"ह्याच्या मिशा बघा. पिसावानी हायत. नराच्या अशा असतात. नर चावत नाय. चावते ती मादी. ह्याला बघून घाबराचा काय काम नाय."

कुणीतरी हसलं. अध्यक्ष पण हसले, पण त्यांचं लक्ष फ्लेक्सच्या खर्चाकडे गेलं असावं. बाबा थांबले नाहीत.

"आनि दुसरा. त्या बाईंनी वाचला तसा काय नाय. मला डास चावलं नाय. चावायच्या आदी धरायचा, तेच काम व्हता. तो पायावर बसला की चावाया जरा येळ घेतो. तेवढ्यात नळी लावायची. चावला तर चूक आपली. सायेब वरडायचे. नवीन पोरांना चावायचे, मला नाय. मी रगत-बिगत काय दिला नाय कोनाला."

मी खुर्चीत रुतलो. सहा वर्षांचं त्यांचं सगळं कसब मी दहा ओळींत पुसून टाकलं होतं. माझ्या मानपत्राचा अर्थ असा होत होता की हा माणूस आपल्या कामात कच्चा होता आणि रोज चुकत होता.

बाबांनी शाल काढून तिची नीट घडी घातली, तिच्यावर नारळ ठेवला आणि ते सगळं अध्यक्षांपुढे धरलं. "हा कनच्या दुसऱ्याचा असंल."

अध्यक्षांनी हात मागे घेतले. "अहो काका, असं कसं, ठेवा ठेवा."

"नाय. मी ते केलाच नाय."

"पण दिलेला सत्कार परत घेता येत नाही!"

"येतो की नाही ते बघावं लागेल," सेक्रेटरी मॅडम म्हणाल्या आणि खरोखरच वही उघडून बसल्या. कार्यकारिणीचे पाचही जण स्टेजवर गोळा झाले. माइक चालूच होता. एकाचं म्हणणं, शाल ठेवून घ्यावी आणि फक्त मानपत्र परत घ्यावं. दुसऱ्याचं म्हणणं, मानपत्र दुरुस्त करून द्यावं, पण मग सत्कार पुन्हा करावा लागेल आणि त्यासाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते. तिसऱ्याने बी विंगच्या जहाजवाल्या मुलाचं नाव परत काढलं, तो प्रेक्षकांत बसला होता आणि उठून उभाही राहिला. बाबा मध्ये शाल-नारळ पुढे धरून उभे, लग्नात अक्षता वाटायला उभं राहावं तसे. मी पत्रांत वाचलेली ती सगळी अधिकारी मंडळी मला तिथे एकाच स्टेजवर दिसली.

आणि मग पुढच्या रांगेतून आई उठली. ती लग्नाकार्याची साडी नेसून आली होती. तिला माइकची गरज नव्हती.

"ओ सायेब," ती म्हणाली. "ती शाल त्यालाच द्या."

अध्यक्ष म्हणाले, "काकू, आम्ही देतोच आहोत, तेच घेत नाहीत."

"घेतील." ती बाबांकडे वळली. "घ्या ती. काम केलाय तुमी."

बाबांनी शालीवरचा हात हलवला नाही. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला कळेना. आईने पुन्हा सांगितलं, जरा चिडून, "काम केलाय म्हनते ना. घ्या, लोक ताटकललेत."

बाबांनी शाल काखेत घेतली आणि नारळ पिशवीत टाकायला आईच्या हातात दिला. ती माइकजवळ नव्हती, तरी टाळ्या तिच्यासाठी वाजल्या असाव्यात. सेक्रेटरी मॅडमनी वही मिटली. मानपत्राचं काय करायचं हे ठरलं नाही. ते सोसायटीच्या कार्यालयात कपाटावर आहे आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर गळतीच्या वरच्या क्रमांकावर आहे.

घरी येताना लिफ्टमध्ये मी आईला विचारलं, "आई, इतकी वर्षं तुला पटलं नाही. आज कसं पटलं?"

ती म्हणाली, "अरं, खोटा बोलाचा असता तं आज बोलला असता. शाल अंगावर, नारल हातात, सगली मानसा टाल्या वाजवतात, तू बी खोटा लिवून दिलेला. गप बसला असता तं कोनाला कलला असता? ज्याला काम येतो तोच म्हनल की माझी चूक झाली नाय." मग जरा थांबून, "आनि त्या मिशा. मला काय ठावं डासाला मिशा असतात."

बाबा आमच्यासमोर उभे होते आणि लिफ्टच्या दाराकडे बघत होते. त्यांच्या मानेवर काखेतल्या शालीचा एक धागा लागला होता.

मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्या कापऱ्या अक्षराच्या म्हाताऱ्याचं उरलेलं पत्र काढलं. त्याचं नाव यादीत शेवटी लागलं की नाही हे गठ्ठ्यातून कळत नाही. मी ते पान जरा जास्त काळजीने तपासलं, एवढंच मला करता येण्यासारखं होतं.

त्यानंतर आई प्रश्न विचारू लागली. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. नळी तोंडात धरली तर डास घशात नाही जात? मध्ये जाळी असते. एका वेळी किती बसतात? कधी एक, कधी चार. चार बसले तर आधी कोणता? जो टेकून बसलाय तो, उभा आहे तो अजून ठरवतोय. बाबा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायला हातातलं काम ठेवून बसायचे. पंचवीस वर्षं साठलेलं होतं.

एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर दोघं गॅलरीत. शेजारच्या खड्ड्यामुळे आमच्याकडे डासांना तोटा नाही. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, साडी घोट्याच्या वर धरून, पाय पुढे करून. बाबा तिच्यासमोर जमिनीवर उकिडवे. हातात सरबताची नळी, तिच्या मध्यात मच्छरदाणीचा तुकडा कोंबलेला.

"हालू नको," ते म्हणाले.

"मी कुठं हालते? तुमीच हालताय."

एक डास आला. तिच्या घोट्याभोवती फिरला आणि बसला. बाबांनी नळी तोंडात धरून हळूहळू वाकायला सुरुवात केली. पूर्वी ते किती वेगाने वाकत असतील मला ठाऊक नाही. आता गुडघ्यांनी आवाज केला, चष्मा नाकावर घसरला, त्यांनी तो सरळ केला, आणि नळी टेकेपर्यंत डास उडून गेला. आईच्या घोट्यावर बारीक लाल ठिपका आला होता.

बाबा तसेच वाकलेले राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "चावला गं."

आईने घोटा चोळला आणि पाय पुन्हा होता तिथे ठेवला.

"होतो असा कामात," ती म्हणाली. "दुसरा येल, बसा गप."